अकरा नंबरचा आवाज

ती. ताईस,

सा. न. आधी तुला आणि लगेच तुझ्या डाव्या गुडघ्याला, कारण हल्ली घरात त्याच्याच मर्जीने सगळं चालतं असं भावजींनी कळवलं आहे. शेक वेळेवर घेत जा. भावजींना नमस्कार सांग, आणि वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचायची सवय लागली का तेही विचार. इकडे सगळे ठीक. यांचा खोकला गेला, तो वरच्या मजल्यावरच्यांना लागला, तेव्हा ऐकायला आहेच. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘म्हणजे चूक तुझीच ना?’ असं विचारतेस, आणि या खेपेला चूक माझीच असल्यामुळे मला निदान तिसाव्या वाक्यापर्यंत तरी पोचायचं आहे. प्रकरण तुझ्या लेकीचं आहे. घाबरू नकोस, ती धडधाकट आहे. (निदान शुक्रवारी होती. त्यानंतर चार दिवस ती माझा फोन उचलत नाही. का, तेच सांगायला बसले आहे.)

माझं काम तुला माहीत आहे, पण तू ते ‘टीव्हीत काहीतरी बोलते’ एवढ्यावर आटोपतेस, म्हणून जरा नीट सांगते. परदेशातल्या मालिका येतात, त्यांतली माणसं त्यांच्या भाषेत ओठ हलवतात आणि आम्ही बंद खोलीत बसून त्या ओठांत आपली भाषा बसवतो. खोलीला खिडकी नाही, भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. हातात वाजणारं काही चालत नाही आणि उपाशी यायचं नाही, कारण पोट बोललं तर तेही नायिकेच्या नावावर जातं. (एकदा गेलं, प्रेमाच्या कबुलीच्या प्रसंगात. ते तसंच ठेवलं, भावना खरी वाटते म्हणाले.) बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्याच्या वरच्या खणात प्रत्येक आवाजाचं एक कार्ड. नवीन माणूस आलं की मिनिटभर ऐकायचं आणि कार्डावर लिहून टाकायचं: नायिका, नायिकेची मैत्रीण, प्रेमळ आई, दुसरी आई. एकदा लिहिलेलं कार्ड पुन्हा कोणी बदलत नाही, तेवढा वेळ कुणाला आहे? माझ्या कार्डावर अठरा वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, ‘मोलकरीण, नर्स, वाईट बाई, प्रसंगी भूत.’ माझी अठरा वर्षं त्यावर मजेत गेली. भुतांचं एक बरं असतं, त्यांना पाठांतर कमी.

तर गेल्या महिन्यात एक नवी मालिका आली. नायिका हृदयाची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर, आणि काळी. आपल्याकडे म्हणतात तशी ‘जरा सावळी’ नाही, वंशानेच काळी, आणि इतकी देखणी की मी दोनदा माझं वाक्य विसरले. आता पंचाईत झाली आमच्या दिग्दर्शकांची. (त्यांना आम्ही ‘पुढचं’ म्हणतो, कारण प्रत्येक वाक्यानंतर ते तेवढंच बोलतात.) आजवर काळ्या माणसांसाठी आमच्याकडे दोनच आवाज असत, एक गुंडाचा आणि एक खो खो हसणाऱ्या मित्राचा. मागे एका मालिकेत काळे न्यायाधीश होते, त्यांना गुंडाचा दिला. ते निकाल देताहेत की धमकी, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. यंत्रमानवांचंही ठरलेलं आहे, सांगितलेलं ऐकणारा यंत्रमानव असेल तर बाईचा आवाज आणि जग बुडवायला निघाला असेल तर पुरुषाचा. पण काळी, बाई, नायिका आणि वर डॉक्टर, असं कार्डच आमच्या खणात नव्हतं. पुढचंसाहेब अर्धा दिवस डोकं धरून बसले आणि मग म्हणाले, ‘‘दिसायला काळी आहे ना, मग आवाज तरी गोरा द्या!’’

खोलीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. मी विचारलं, आवाज गोरा म्हणजे कसा? रेकॉर्डिस्टदादा म्हणाले, ‘‘बाई, अठरा वर्षं झाली तुम्हाला इथे. गोरा म्हणजे गोरा. कळतो की कानाला.’’ नायिकेची मैत्रीण म्हणाली, पातळ. प्रेमळ आई म्हणाली, शिकलेला. दुसरी आई म्हणाली, पाठीमागून ऐकला तरी पुढून बघावंसं वाटतं तो. सगळ्यांना कळत होतं आणि सांगता कुणालाच येत नव्हतं, आणि असं काही दिसलं की मला लहानपणापासून कशी खाज सुटते ते तुला माहीत आहे. (पपांचं ते बिघडलेलं घड्याळ मीच उघडलं होतं. आता कबूल करायला हरकत नाही.)

मग मी शोध घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर एकच वाक्य दोन आवाजांत भरून घेतलं, ‘उद्या सकाळी आठला या, उशीर करू नका.’ एकदा माझ्या आवाजात, एकदा नायिकांचं काम करणाऱ्या आमच्या बारीक आवाजाच्या बाईंच्या. आणि भेटेल त्याला ऐकवून विचारू लागले, ही बाई कशी असेल सांगा. इस्त्रीवाल्याने माझ्या आवाजाच्या बाईला उंच, काळी आणि भांडकुदळ ठरवलं आणि कपडे उद्याच देतो म्हणाला. लिफ्टवाल्या काकांच्या मते ती कुठल्यातरी वसतिगृहावर देखरेख करते आणि विधवा आहे. ग्रंथालयातल्या बाईंनी तर तिला मिशी दिली. बारीक आवाजाची बाई मात्र सगळ्यांच्या मते गोरी, ठेंगणी आणि मनाने चांगली. (ती काय आहे ते मी तिच्याबरोबर डबा खाते म्हणून मला माहीत आहे.) दातांच्या डॉक्टरांना मी विचारलं, या दोघींतली डॉक्टर कोण? माझ्या तोंडात त्यांचे दोन्ही हात होते, तरी विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘‘पहिली नर्स. दुसरी डॉक्टर... नाही, डॉक्टरांची मिसेस.’’ त्या दवाखान्यात पलीकडच्या खुर्चीवर त्यांची मिसेस स्वतः एकाची दाढ काढत होती. तिने वर पाहिलं नाही, पण दाढ फार जोरात निघाली. आमच्या यांना ऐकवलं तर म्हणाले, पहिला आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो.

मी हसत हसत सगळं वहीत लिहीत होते. पाचव्या की सहाव्या माणसाने मला काळी म्हटल्यावर मात्र माझं हसू गेलं आणि मी जवळजवळ ओरडले, अहो, मी गोरी आहे! जिन्यातच थांबले मग. मला राग कशाचा आला होता, ताई? भांडकुदळ म्हणाले, विधवा म्हणाले, मिशी दिली, त्याचा नाही आला. आपल्या दोघींना आईचा एकच आवाज मिळाला आणि रंग वेगवेगळे, आणि रंगाचं जे काही फुकट मिळतं ते सगळं मी घेतलं. पाहुणे आले की पाणी घेऊन मला पाठवायचे. फोटोत मी मधे, आणि तुला खिडकीशी उभी करायचे, ‘तिथे उजेड आहे, बरी येशील’ म्हणून. मी कधी म्हटलं नाही की ताई इकडे ये. मला वाटायचं तुला खिडकी आवडते.

असो. (असो लिहिलं की पुढे जाता येतं, म्हणून लिहिते.) माझी वही आमच्या खोलीत हातोहात फिरली आणि पुढचंसाहेबांपर्यंत गेली. ते म्हणाले, एवढा उत्साह आहे तर नव्या आवाजांची चाचणी तुम्हीच घ्या. चेहरा नाही, नाव नाही, नुसते नंबर. बावीस जणींनी त्या डॉक्टरचं तेच एक पान वाचलंय, ऐका आणि चिठ्ठ्या लिहा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अठरा वर्षांनी त्या खोलीत न्याय होणार होता आणि तो माझ्या हातून. मी नवीन पेन घेतलं. दुपारी दोनला बसले, पाचला उठले, बावीसच्या बावीस चिठ्ठ्या लिहून. बघा, किती सोपं असतं, असंही म्हणाले बहुतेक.

मग नावांची यादी उघडली. अकरा नंबर म्हणजे तुझी लेक. मावशीचा वशिला लागू नये म्हणून मला न सांगता आली होती, शहाणी, आणि बावीस आवाजांच्या घाईत मलाही ती ओळखू आली नाही. आणि अकरा नंबरच्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आवाज दमदार. मोलकरीण, नर्स, प्रसंगी भूत.’

वाईट बाई तेवढं लिहिलं नव्हतं. ती माझी प्रगती.

पुढचंसाहेब चिडवतही नव्हते, तेच जास्त लागलं. खूश होऊन म्हणाले, ‘‘बघा, तुम्हालाही ऐकू येतोच की!’’ त्यांनी चिठ्ठीवरून कार्ड केलं, खणात टाकलं आणि चिठ्ठीचा फोटो रीतीप्रमाणे उमेदवाराला पाठवून दिला. म्हणजे माझं अक्षर तिच्याकडे गेलं. ते अक्षर ती ओळखणारच, तिला ग म भ न मीच गिरवायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी अकरा नंबर पुन्हा ऐकला, या वेळी समोर चित्र लावून. ती डॉक्टर एका बापाला सांगते की तुमच्या मुलाचं हृदय मी माझ्या हातात धरणार आहे आणि परत ठेवणार आहे. ताई, तुझी लेक ते वाक्य असं म्हणते की मीसुद्धा तिच्या हाती माझं हृदय दिलं असतं. न ओरडता, न लाडावता. पपांना दवाखान्यात नेलं तेव्हा तू आम्हा सगळ्यांना ‘बसा, मी बघते’ म्हणाली होतीस, तोच आवाज. आदल्या दिवशीही मी तोच ऐकला होता. ऐकता ऐकता माझ्या हाताने मोलकरीण लिहिलं आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी तशीच साहेबांकडे गेले, म्हटलं माझी चूक झाली, डॉक्टर हीच. ते म्हणाले, ‘‘काल नाव माहीत नव्हतं तेव्हा मोलकरीण, आज भाची निघाली तर डॉक्टर?’’ आयुष्यात पहिल्यांदा निःपक्षपाती झाले तर तीच नेमकी वशिलेबाजी दिसते.

शेवटी तीन नंबरच्या पातळ आवाजाला घेऊन एक प्रसंग करून पाहिला. ‘रक्त थांबत नाहीये’ हे तिने ‘दूध उतू चाललंय’ अशा सुरात म्हटलं. साहेब ‘पुढचं’ म्हणाले नाहीत. म्हणाले, येत्या सोमवारी आणखी एकदा ऐकू. मात्र अट घातली की जी अर्जात डॉक्टरची भूमिका मागेल तिचाच आवाज ऐकणार, आणि मागणी उमेदवाराने स्वतः करायची, मावशीने नाही. तुझी लेक माझा फोन घेत नाही. शनिवारी ती तुझ्याकडे येते. बाकी सर्व क्षेम. पावसाळी चपला घेतल्यास का? गुडघ्याला जप. मोठ्यांना नमस्कार, आणि आवाज दमदार असलेल्या सर्वांना अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. चपलांचं सहज विचारलं. खरं काम असं आहे, की तिला सोमवारी पाठव. मी सांगितलं असं म्हणू नकोस, रागाने यायची नाही. शिव्या घालायच्या असतील तर येऊन समोर घालू दे. रेकॉर्डिस्टदादांना सांगून ठेवते, तेही भरून घेतील.

ता. क. दोन. पाकीट चिकटवलं होतं, ते आता वाफेवर धरून उघडलं. सकाळी ती स्वतःच आली. रागावलेली अजिबात नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं की आवाज टिकवायचा तर चार दिवस मौन पाळ, म्हणून फोन घेत नव्हती. दारातच मिठी मारून म्हणाली, ‘‘मावशी, तू किती बरोबर ओळखलंस गं मला!’’ अर्जात भूमिकेचा रकाना असतो. त्यात तिने स्वतःच लिहिलं होतं, ‘मोलकरीण किंवा नर्स.’ मी म्हटलं, डॉक्टर का नाही लिहिलंस? तर हसायला लागली. ‘‘माझा आवाज तसा आहे का?’’ कोणी सांगितलं तुला, म्हटलं. म्हणाली, ‘‘अगं, हे काय कोणी सांगावं लागतं?’’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू का रडतेस, नोकरी तर मिळाली की.

ता. क. तीन. तेव्हा तिला ये म्हणून सांगून भागणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सोबत कोरा अर्ज पाठवते आहे. नाव, पत्ता, वय मी भरलं आहे. भूमिकेचा रकाना तसाच ठेवला आहे, माझ्या हातावर माझा आता भरवसा नाही. तू शनिवारी तिच्याबरोबर बस. तिच्याकडून ते हृदयाचं वाक्य एकदा वाचून घे, डोळे उघडे ठेवून ऐक, आणि मग तो रकाना तिला स्वतःच्या हाताने भरायला लाव. आणि ताई, तुलाही पहिल्यांदा जर मोलकरीणच ऐकू आली, तर लाजू नकोस. पेन खाली ठेव आणि मला फोन कर. मी येते. मग तिघी मिळून पुन्हा ऐकू.