चिऊचा ब्रेस आणि माझा पट्टा

३ जून, सकाळी
लेकीला, चिऊला, आजपासून पाठीचा ब्रेस. कण्याला बाक आहे. वय सात. डॉक्टर म्हणाले, दिवसरात्र घालायचा, आंघोळीला आणि व्यायामाला तेवढा काढायचा. बाक वाढत गेला तर ऑपरेशन. घाबरलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. (बायको म्हणते, दाखवलं. पाणी तिनेच आणून दिलं.)

संध्याकाळी
निर्णय झाला. मुलं सांगून ऐकत नाहीत, बघून शिकतात. औषधांच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला. जोवर तिच्या अंगावर ब्रेस, तोवर माझ्या अंगावर पट्टा. याला वाघाचं काळीज लागतं.

४ जून
ऑफिसात शर्टाखाली पट्टा. कुणाला पत्ता नाही. मीटिंगमध्ये पोटाला जरा मोकळीक द्यायला गेलो, तर वेल्क्रो चर्रर्र! साहेबांनी बोलणं थांबवून विचारलं, कुणाचं काय फाटलं? सगळ्यांबरोबर मीही टेबलाखाली शोधलं.
जेवताना काढला. पचन महत्त्वाचं.

९ जून
पहिले चार दिवस रडली, आता ब्रेससकट धावते! गल्लीतली पोरं ब्रेसवर टकटक करतात, ही आतून विचारते, कोण आहे? घरीही तेच चालू. हसून हसून मुरकुंडी वळली. हे सगळं माझ्या पट्ट्याचं फळ. बायकोला तसं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

१५ जून
पट्टा काढून झोपणार. फार उकडतं. चिऊ झोपल्यावर काढायचा, ती उठायच्या आत घालायचा. म्हणजे फसवणूक नाही.

१६ जून
उशिरा उठलो. बघतो तर पट्टा अंगावर! झोपेतच घातला असणार. संकल्प रक्तात भिनला म्हणायचा.

२ जुलै
पुन्हा तसंच. रोजच होतं. मला स्वतःचाच आदर वाटू लागला आहे.

११ जुलै
चिऊला व्यायामाचा कंटाळा. म्हटलं, बघ बाबा कसा करतो. आडवा झालो, हात ताणला, कुशीवर वळलो आणि तिथेच अडकलो. दोघींनी मिळून उठवलं. चिऊने मग राहिलेला व्यायाम मुकाट्याने केला. बघा, उदाहरणाचा परिणाम.

२८ ऑगस्ट, दवाखान्यातून आल्यावर
एक्स-रे होता. डॉक्टरांनी फिल्म लावली. बाक वाढलेला नाही. उलट थोडा उतरलाय! मी खुर्चीतून उडीच मारली. चर्रर्र. पट्टा जमिनीवर.
डॉक्टरांनी तो उचलला, बघितला आणि म्हणाले, तुम्ही हा उलटा घालता. चिऊ म्हणाली, मला माहीत होतं, पण बाबांना तसाच आवडतो.
मग त्यांनी तिला विचारलं, इतक्या शहाण्यासारखा ब्रेस कसा गं घातलास? मी नम्रपणे मान खाली घालून तयार होतो.
ती म्हणाली, बाबांना पट्टा मुळीच सहन होत नाही, रात्री काढून टाकतात. सकाळी मीच घालते त्यांना, हळूच, उठवत नाही. आता मीपण माझा काढला, तर ते एकटे पडतील ना.
बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. डोळेही पुसत होती.

पट्टा आता सुलटा घातला आहे. जास्तच टोचतो.