घोटायचा दगड

अब्बा, आज सकाळी अंगणात बारा फेऱ्या मारल्या. गेल्या आठवड्यात चारच होत होत्या. तुम्हाला झाली होती तीच प्रोस्टेटची गाठ आता मला झालीय. इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघतात, जेवायला बसलं तरी दम लागतो. डॉक्टर म्हणतात, थकवा आला म्हणून आडवे होऊ नका. थोडं चाला, रोज जरा वाढवा. सुनेनं झाडांना पाणी घालायची झारी हातातून काढून घेतली, तर मी तिच्यावर खेकसलो. ती बिचारी रडली. तिला काय ठाऊक, मी कुणावर खेकसलो ते.

पुण्याला तुमचं ऑपरेशन करून एसटीनं जुन्नरला आणलं, तेव्हा मी पंचविशीचा होतो. गोळ्यांनी तुमची छाती सुजली होती, म्हणून तुम्ही उघड्या अंगानं बसणं सोडलंत. थंडीतही घोंगडी भिरकावून द्यायचात. पण सकाळी पाटासमोर बसून आपल्या कारखान्यातल्या हातकागदावर घोटायचा गुळगुळीत दगड फिरवायचात, कागदाला चकाकी येईपर्यंत. पहिल्या दिवशी एकच कागद झाला, मग तासभर पडून राहिलात. महिन्याभरात पाच व्हायला लागले. हौदापर्यंत चालत जाऊन कागदाचा लगदा ढवळणाऱ्यांना शिव्याही देऊन यायचात. मला वाटलं, माणूस परत आला.

मग जुम्म्याच्या नमाजनंतर एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय राव, बाप दुखणाईत न् त्याच्याकडनं घोटून घेतोस व्हय?" लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी घरी येऊन तुमच्याच घोटणाऱ्या हाताला हात लावून थांबवलं. म्हणालो, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय.

"डागदर म्हनला? मंग ऱ्हाऊ दे," म्हणालात, आणि दगड लुंगीला पुसून माझ्या हातात दिलात.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना काम करू द्या. मला एकट्याला बोलावून म्हणाले होते. अब्बा, मी तुम्हाला खोटं सांगितलं.

तुमच्या पोटऱ्या बघता बघता वाळल्या. हौद सुटला, मग अंगण. ईदची नमाज तुम्ही बसून पढलात, पुढची नुसत्या डोळ्यांनी. आजारानं तुम्हाला नेलंच असतं, असं सगळे म्हणतात. असेलही. पण पाटासमोरून तुम्हाला मीच उठवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तो दगड आता माझ्या उशाशी असतो. एक मात्र सांगायचं राहिलं. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "बेटा, डागदरला परत इचार ना. हात लई शिवशिवत्यात." मी पुण्याला म्हणून निघालो, पण गेलो नाही. तुम्हाला कामावरून उठवलं म्हणून डॉक्टर रागावतील, याला भ्यालो. नारायणगावच्या स्टँडवर चहा प्यालो, दुपारभर बसलो आणि परत आलो. म्हणालो, ते नाहीच म्हणतात.

तुम्ही उशी माझ्याकडे सरकवलीत. "येवढ्या लांब जाऊन आलास. दमला असशील, पड जरा."