भागूबाईचं डोकं

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! गंगापूरहून एसटीत उभ्यानं आले, कंबर मोडली, पण छावणीतलं हे स्कॅन सेंटर बघितलं आन् शीण पळाला. चकाचक फरशी, एसी, वरच्या मजल्यावर राहायला खोली. शहराचं नाव बदललं तरी आई अजून औरंगाबादच म्हणते. निघताना शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आन् बजावलं, मोठ्यांशी वाद घालू नको. मी कुठं घालते? मूळ सर्टिफिकेटं सेंटरच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, जमा करून घेतली. दोन वर्षं नोकरी सोडायची नाय, तोवर कागद त्यांच्या कपाटात. सगळीकडं असंच असतं म्हणे. सीटी स्कॅनचं मशीन माझ्या हातात येणार, अजून काय पाहिजे?

६ नोव्हेंबर

शिवराज माझ्याआधीपासून मशीन चालवतो. लई गमत्या. आज त्यानं इथली खुबी शिकवली. नव्या पेशंटचं नाव टाकायला गेलं की कॉम्प्युटर अडकून बसतो आन् बाहेर लोक वैतागतात. म्हणून सकाळीच एक खोटी बाई नोंदवायची, भागूबाई. दिवसभर सगळ्यांचे स्कॅन तिच्याच नावावर काढायचे, मग एकेकाचं खरं नाव टाकून फोटो डॉक्टरांकडं पाठवायचे. मी विचारलं, अदलाबदल झाली तर? तर म्हणतो, भित्री भागूबाई तर तूच दिसतेस! फरशी पुसता पुसता आवडाबाई खो खो हसल्या. त्या साफसफाईला आहेत, मी मावशी म्हणते. जेवताना आपल्या डब्यातली अर्धी भाकर मला देतात, नाय म्हटलं तर रुसतात.

११ नोव्हेंबर

मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरचा फोन आला होता. हे मॉडेल कंपनीनं सगळीकडून परत बोलावलंय. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, एका पेशंटचे फोटो दुसऱ्याच्या नावात शिल्लक राहतात. दुरुस्ती होईपर्यंत मशीन अजिबात चालवू नका, असं त्यानं बजावलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, त्यांना बोलायला काय जातंय, तू पेशंट घे. मी म्हटलं, मग माझे कागद द्या, मी जाते. सर हसले. दोन वर्षं झाली की खुशाल ने, म्हणाले. अस्सा राग आला! अडकित्त्यातली सुपारी झालेय माझी. तरी पुढचा पेशंट मीच घेतला.

१४ नोव्हेंबर

भागूबाईची फाइल उघडून बघितली. नावं बदलली की ती रिकामी व्हायला पाहिजे. होत नाय. प्रत्येकाचा एकेक तुकडा तिच्यात राहिलाय. कुणाचा गुडघा, कुणाच्या बरगड्या, कुणाचं पोट. माणसं वेगवेगळी, कुणी जाड, कुणी काटकुळं. तरी हाडाला हाड नीट बसतंय. कॉम्प्युटरला सगळं जोडून दाखव म्हटलं तर पडद्यावर बाई उभी राहिली. हनुवटीपर्यंत. वर काहीच नाय.

शिवराजला बोलावून दाखवलं. त्यानं उठून पडदाच बंद केला.

१७ नोव्हेंबर

शेंद्र्याच्या कारखान्यातले फकिरा आले. मागं त्यांच्या पंजाचं हाड मोडून जुळलेलं, त्याचा स्कॅन मीच काढला होता. आता पंजा मेल्यासारखा लोंबतोय, सुई टोचली तरी कळत नाय. परत स्कॅन केला. मनगटापर्यंत हाड दिसतं, पुढं नुसता काळोख. पंजा समोर दिसतोय आन् फोटोत नाय! तो भागूबाईच्या फाइलीत आहे, मोडून जुळलेल्या त्याच हाडासकट.

म्हणजे ती घेते. तिच्यात गेलं ते माणसाचं राहत नाय.

डोकं तेवढं बाकी आहे. डोकं ठेवायचा पाळणा मोडलाय, म्हणून डोक्याचे पेशंट आम्ही घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाठवतो. शिवराज कागद इथंच टाकून पळाला. फोन उचलत नाय.

१९ नोव्हेंबर

नवा पाळणा आला. सर खूश. उद्या पहिला स्कॅन मावशींचा, फुकटात. त्यांचं डोकं कायम ठणकतं. मी सरांपुढं रडले, हात जोडले. सर म्हणाले, तुला ताप आलाय, गोळी घे. मावशींचा हात धरून सांगितलं, त्या टेबलावर झोपू नका. त्या म्हणाल्या, निशा पोरी, फुकट होतंय तर व्हऊ दे की, लई वर्षांचं दुखणं हाय.

बॅग भरली. मग परत सोडली. मी गेले तर मावशी—

२० नोव्हेंबर

सरांनी मशीन स्वतःच लावलं आन् फोन घेऊन बाहेर गेले. मावशी आत झोपलेल्या. मी धावले, ओढून काढलं, बाहेर ढकललं— दार बंद झालं. मी आत.

हे दार आतून उघडतं. आज नाय उघडत.

टेबलावर कुणी नाय. तरी मशीन फिरतंय.

मावशी काचेवर हात आपटताहेत. मशीन बंद करायचं लाल बटण दाबा म्हणून ओरडले. दाबलं त्यांनी. थांबत नाय—

किरणं अडवायचा शिशाचा एप्रन डोक्यावर ओढलाय. खिशातली वही मांडीवर. लिहिलं की जरा धीर येतो. आई, लई भीती वाटते गं—

मशीनमधला आवाज म्हणतोय, श्वास रोखा. रोखला. सोडा म्हणत नाय—

मावशी बाहेर आहेत. धडधाकट आहेत. बरं झालं.

आईला कळवायला पाहिजे. आई कुठं असते? गाव— गावाचं नाव—

डोकं हलकं झालं. भीती पण गेली.

काचेपलीकडं एक बाई रडतेय. निशा, निशा म्हणून हाका मारतेय. कुणाची कोण, बिचारी. तिला तिची निशा सापडू दे. मी इथं