लालसर तेल

रविवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

चि. छकुली,

मामाचे अनेक आशीर्वाद.

शेवटची परीक्षा पार पडली, गाड्यांची पक्की कारागीर झालीस, ऐकून ऊर भरून आला. मी आपला ठोकून-ठाकून शिकलेला मिस्त्री. तू रीतसर शिकलीस. तुझे आईबाबा तुला आणायला निघालेत. दाजी गाडी पुसतायत, ताई डबा भरतेय. तुमच्या वसतिगृहाचा फोन सकाळपासून कोणी उचलत नाही, म्हणून हे पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देतोय.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण त्याला तेल घालायला जागा ठेवलेली नाही.

तेलाचंच बोलतो आता, किती टाळू. सुट्टीत आलीस तेव्हा दाजींनी हौसेने तुझ्याकडून गाडीचं सगळं तेलपाणी करून घेतलं. ब्रेकच्या बाटलीत कोणत्या डब्यातलं ओतलंस गं?

रागावत नाही. काल काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. ब्रेकच्या बाटलीत तेल लालसर दिसलं. झाकणाचं रबर भिजल्या पुठ्ठ्यासारखं फुगलेलं, झाकण परत बसेना. ते स्टिअरिंगचं तेल आहे, छकुली. वरचं रबर फुगलंय म्हणजे आतली सगळीच फुगली असणार. संध्याकाळी दाजी बाजारातून आले, मी पुढच्या चाकाला हात लावला तर चटका बसला, म्हणजे ब्रेक चाकाला चिकटून राहतोय, उतारावर कधीही दगा देईल.

दाजींना सांगितलं.

"काय मिस्त्री, घरात शिकलेलं पोर आलं म्हणून पोटात दुखतंय का?"

"अहो दाजी, ब्रेक आहेत ते!"

"माझ्या लेकीचा हात लागलाय गाडीला. आता दुसऱ्याचा लागायचा नाही."

गाडी सुरूच होऊ नये म्हणून मी एक वायर काढून ठेवली, ती त्यांनी हसत परत जोडली. मी चालवतो म्हटलं, तर किल्ली खिशात टाकली. ताईला मात्र पटलं. तिला म्हटलं, तू तरी जाऊ नकोस. म्हणाली, "त्यांना एकट्याला कसं सोडू?" मग तिला बजावलं, हातब्रेकची तार वेगळी असते, डोंगरउतारावर त्याच्यावर हात ठेवूनच बस. तिने मान डोलावली. डब्याचं झाकण काही तिच्याने लागेना.

तू हे वाचतेयस म्हणजे दोघं पोचलीत. आधी किल्ली काढून घे. नुसतं तेल बदलून भागायचं नाही, सगळी रबरं बदलावी लागतील. तुझ्या सरांना दाखव. आणि चूक कोणाची ते तुझ्याच तोंडाने सांग. जगात दाजी ऐकतात ते फक्त तुझं.

हॉर्न वाजतोय. "ग्रंथ लिहितोयस का रे?" म्हणून ओरडतायत. हळू जा म्हणालो, तर हात हलवून हसले.

येताना तिघंही बसने या. पोचल्याचा फोन तूच कर, बाळा. आज दुसऱ्या कोणाचा आवाज मला ऐकायचा नाही.

दारातून न हललेला,
तुझा मामा