दुमडीचं नाणं

थोरल्या ताईंस धाकटीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

मी इकडे धडधाकट आहे, डाव्या हाताची बोटं पिवळी पडलीत तेवढं सोडून. तुमचे गुडघे कसे आहेत? (खरं सांगा. नुसतं 'बरी आहे' म्हणायची तुम्हा बहिणींची खोड मला ठाऊक आहे.)

धाकटी गेल्यावर तुम्ही भेटायला आलात, तेव्हा निघताना चपला घालता घालता म्हणालात, "ते नाणं माझं होतं हो. आता तरी द्या." मी नुसती तुमची पिशवी पुढे केली. (आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.) पण ते मनात राहिलं. तुमच्या वडिलांनी दोघी लेकींच्या जन्मसालाचं एकेक निकेलचं नाणं खणात जपून ठेवलं होतं. ते गेल्यावर खणात एकच निघालं, आणि त्यावरचं साल इतकं झिजलेलं, की भिंगातून दोघींनी आपापलंच साल वाचलं. धाकटीने ते उचललं आणि शिवणाच्या मशीनवर ठेवलं. पुढे जन्मभर कापडाची दुमड बसवायला तिला तेच लागायचं. अंगठ्याखाली नाणं धरून दुमडीवरून असं दाबून ओढायची, की इस्त्रीचं काम नाही. उरलंसुरलं सालही त्यात गेलं. तुम्ही आलात की म्हणायचं, "माझ्या नाण्यावर धंदा चालवतेस," आणि तिने सुई दातात धरून म्हणायचं, "माझ्याच." इतकं टिकाऊ भांडण मी दुसरं पाहिलं नाही, आमची भांडणं तर जेवणापर्यंतही टिकत नसत.

आता, मी टपालात तारखेचे शिक्के मारून म्हातारा झालेला माणूस. माझ्याच घरात एक साल वाचता येऊ नये? शिवाय (खरं कारण हे) तिला आता भांडता येत नाही, तेव्हा तिची बाजू कोणीतरी मांडायला हवी होती. आमच्या कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा (गल्लीत त्याला खरखर म्हणतात, त्याच्याकडून आलेला रेडिओ लावलात की का ते कळेल) म्हणाला, "काका, साल कुठे जात नाही. ठसा मारताना आकड्याखालचा धातू दाबला जातो, तो तसाच राहतो. थेंबभर ॲसिड लावा, येईल वर." म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे धातूलाही लागू आहे. रेडिओच्या पट्ट्यांवरचं तांबं खाणारं तपकिरी पाणी त्याने बाटलीत भरून दिलं, आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आधी सरावाला म्हणून खिशातली चिल्लर घेतली. एक नाणं बुडवून चहा ठेवायला गेलो, परत येतो तर त्याला ना तोंड ना आकडा. दुसऱ्या खेपेला बाटलीच कलंडली. मोरीला तपकिरी डाग, पँटच्या गुडघ्याला भोक, आणि ढवळायला घेतलेला तिचा आवडता चमचा असा काळवंडला, की ती असती तर मलाच त्या पाण्यात बुडवला असता.

शेवटी तिचं नाणं घेतलं. काडीने एकच थेंब सोडला, थांबलो, नळाखाली धरलं. आकडे एकामागून एक वर आले, माझ्या शिक्क्यासारखे ठळक. ताई, साल तुमचं आहे. वकील होऊन उभा राहिलो आणि आपल्याच पक्षकाराला हरवून बसलो.

आणि मग मी त्यावर अंगठा फिरवला. खरखरीत लागलं. तिथे जन्मभर तिचा अंगठा होता, ताई. इतकं गुळगुळीत तिने केलं होतं ते, आणि कुठल्याशा टांकसाळीचा आकडा बघायला मी ते पुसून टाकलं. नळ वाहता सोडून मी मोरीतच बसलो आणि रडलो. ती गेली त्या दिवशी घरात इतकी माणसं होती, की रडायचं राहूनच गेलं होतं.

तेव्हा नाणं तुमचं. हक्काने येऊन घेऊन जा. टपालाने पाठवणार नाही. टपाल मी आतून पाहिलेलं आहे.

आपला,
हरलेला वकील

ता. क. खरखरला विचारलं, हे पुन्हा पहिल्यासारखं होईल का? म्हणाला, ॲसिडने आलेलं साल कच्चं असतं, रोज हाताळलं तर परत जातं. काल पँटची दुमड उसवली होती, ती त्याच नाण्याने बसवली. दुमड वाकडी बसली, पण शेवटचा आकडा जरा पुसट झालाय.

आणखी ता. क. आता घरातले सगळे पडदे उसवून दुमडायला घेतलेत. लवकर या, आणि आलात की तुम्हीही थोडं घासा. तुमचा अंगठा तिच्यासारखाच बाहेर वळतो. उशिरा आलात तर मात्र पुरावा उरणार नाही, आणि मग नाणं तिचंच.