डावा स्पीकर

३ ऑक्टोबर
उद्या निघायचं. आठ दिवसांची ट्रिप. माणसं तीन : ही, हिचा धाकटा भाऊ आणि मी. गाडी मेहुण्याची, तळं बघायची हौस हिची, संगीत माझं.

निश्चय : या वेळी प्रवासात मोबाइलच्या भोकातून येणारी किरकिर ऐकायची नाही. खरा आवाज ऐकायचा. लॅपटॉपमध्ये गाणी मूळ दर्जाची भरली आहेत, आवळून बारीक केलेली नाहीत. दोन नवे पोर्टेबल स्पीकर. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज भिकार असतो, म्हणून यूएसबीला लावायची डबी. वायरी. मोजायची टेप. (दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. लोकांना हे माहीतच नसतं.)

बॅगेत जागा पुरेना. दोघांचे स्वेटर काढून ठेवले. ऑक्टोबरात कसली आलीय थंडी.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
थंडी आहे. ही बोलत नाही.

मी मात्र वेळ फुकट घालवला नाही. टेबलावर काच आहे, आवाज सोडला की थरथरते. स्पीकरखाली टॉवेल घातले. भिंतीला टेकवले की ढोल वाजतो, म्हणून पुढे ओढले. मग पडदे लावून घेतले. ही म्हणाली, खिडकीतून तळं दिसतं म्हणून तर ही खोली घेतली. मी समजावलं की उघड्या काचेवरून आवाज उसळतो. आणि तळं काही पळून जात नाही.

शेवटी त्रिकोण जमला. खुर्चीत बसलो, डोळे मिटले, बासरी लावली. आणि काय, तर डावा स्पीकर हळू! नवा कोरा! डोकं फिरलं.

५ ऑक्टोबर, सकाळी
दुकानदाराला फोन. तो म्हणाला, साहेब, दोन्हींची अदलाबदल करून बघा. आम्ही काय दूधखुळे आहोत? तरी केली. डावीकडे ठेवला की उजवाही हळू वाजतो आणि उजवीकडे गेलेला डावा ठणठणीत! म्हणजे दोन्ही स्पीकर डावीकडे ठेवले की बिघडतात. परत फोन केला. तो म्हणाला, असं होत नसतं. मी त्याला ऐकवलं, बत्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढलीत, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. मला शिकवू नका.

ही आणि मेहुणा तळ्यावर गेले. मला विचारलंसुद्धा नाही. ही म्हणते, दोनदा विचारलं. हल्ली ही तोंडातल्या तोंडात बोलते आणि वर दुसऱ्याला दोष देते.

६ ऑक्टोबर, दुपारी
वायर बदलली. डबी काढून पाहिली. ब्लूटूथवर टाकून पाहिलं. डावी बाजू हळू ती हळूच. लॅपटॉपमध्ये बॅलन्स बराच डावीकडे सरकवला तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. ऐन आलापीत एक बाई मोठ्यांदा म्हणाली, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. मेहुण्याचा फोन माझ्या स्पीकरला आपोआप जोडला गेला होता! हा गडी खाली गाडी काढतोय आणि त्याचे रस्ते माझ्या मैफलीत. खिडकीतून ओरडलो. तो म्हणाला, भाऊजी, हळू बोला, सगळं हॉटेल बघतंय. बघू दे.

आता खरा चोर सापडला आहे. खोली! डावीकडची भिंत आवाज खाते. पलंगावरची एक गादी उचलून उजव्या भिंतीला उभी केली, म्हणजे दोन्ही भिंती सारख्याच आवाज खातील. तेवढ्यात मॅनेजर आला. त्याने गादीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ही पलंगाच्या फळीवर बसून मासिक वाचत होती. त्याने हिला विचारलं, मॅडम, सगळं ठीक आहे ना? मला काही विचारलं नाही. या माणसाला साधी पद्धत नाही.

७ ऑक्टोबर
शेजारच्या खोलीतल्या बाईंनी तक्रार केली. शिक्षिका आहेत, त्यामुळे मॅनेजरसमोर वर्गात उभं केल्यासारखं मला उभं केलं. म्हणतात, एक स्पीकर किंचाळतोय. विचारलं, कुठला? म्हणतात, डावा! जो मला ऐकूसुद्धा येत नाही तो यांच्याकडे भिंतीतून किंचाळतोय. लोक तोंडाला येईल ते बोलतात. मीही बोललो. त्याचा परिणाम म्हणून आता दुसऱ्या हॉटेलात आहोत. इथून तळं दिसत नाही, गाड्यांचा अड्डा दिसतो.

पण टेबल लाकडी आहे. इष्टापत्तीच. हिला तसं म्हणालो. ही बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

८ ऑक्टोबर
आज रस्ता ओलांडताना मेहुण्याने माझी कॉलर धरून मागे खेचलं. शर्टाचं बटण तुटलं. एक मोटरसायकलवाला अंगाला घासून गेला. हॉर्न न वाजवता! मी त्याच्यामागे धावत जाऊन त्याला थांबवला आणि चांगला झापला. तो सारखा म्हणत होता, काका, हॉर्न वाजवत वाजवतच आलो. दोन पानवाले आणि एक भाजीवाली त्याच्या बाजूने बोलायला लागले. सगळे एका माळेचे मणी.

परत आलो तर ही फुटपाथवर खाली बसलेली. रडत होती. मला वाटलं पाय मुरगळला. म्हणाली, पाय नाही मुरगळला. म्हणाली, मी उद्या भावाबरोबर घरी जाते, तुम्ही तुमचा त्रिकोण घेऊन बसा. सगळ्या जन्मात खिडकीतून एक तळं बघत बसायचं मनात होतं आणि तुम्ही त्याला पडदा लावलात.

लग्नापासून इतकं सलग ही कधी बोलली नव्हती.

९ ऑक्टोबर, दुपारी
हिने बॅग भरली. ती भरत होती तोवर मी शेवटचं म्हणून स्पीकर लावून बसलो. एकटं राहायचं तर निदान आवाज तरी नीट हवा. नीट नव्हता. मी काहीतरी बोललो असेन, जोरात.

ही बॅग टाकून आली. उठा म्हणाली. उठलो. तिने खुर्ची उलटी फिरवली आणि बसा म्हणाली. बसलो, स्पीकरांकडे पाठ करून. तिने विचारलं, आता कुठला हळू? मी म्हणालो, खिडकीकडचा. आणि मघाशी? मघाशी दाराकडचा.

मेहुणा दारात उभा होता, तो चपलेकडे बघायला लागला.

स्पीकर फिरवले, वायर फिरवली, खोली फिरवली, हॉटेल फिरवलं. मी तेवढा जागचा हललो नव्हतो.

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. पाठमोरं बसून संगीत ऐकणं शास्त्रीयदृष्ट्या चूकच आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहे. हिची खात्री पटावी म्हणून. फार तर मळ असेल. मळ काढला की पाच मिनिटांत काम. हिने बॅग उघडून साबण परत बाहेर काढला आहे.

१० ऑक्टोबर
मळ नाही. डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहे. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं असं मला आधी वाटलं.

मग एका बंद खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवला. टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. उजवीकडे भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी आतून ओरडून सांगितलं की तुमचा डावा हेडफोन बंद आहे. तपासणाऱ्या मुलीने आत येऊन तो स्वतःच्या कानाला लावून बघितला, परत माझ्या कानावर ठेवला आणि माझ्या खांद्यावर जरा थोपटलं. मग मी ओरडलो नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होता? सांगितलं. मशीन कुठल्या बाजूला असायचं? डाव्या. कानात बोळे घालत होता का? मी म्हणालो, बोळे घातले तर बेअरिंगचा आवाज कसा कळणार? ते म्हणाले, बरोबर आहे. आणि कागदावर लिहायला लागले. नस गेली आहे. यंत्र लावलं तर बोलणं कळेल. संगीताचं विचारलं, तर म्हणाले, सवय होईल.

बाहेर आल्यावर कोणावर तरी चिडायचं होतं. दुकानदार, मॅनेजर, शिक्षिका, मोटरसायकलवाला, सगळे आठवून झाले. एकही उपयोगी पडला नाही.

११ ऑक्टोबर
दिवसभर तळ्याकाठी. लॅपटॉप गाडीच्या डिकीत. वारा होता, पाणी लहान लहान लाटांनी काठावर आपटत होतं. ही म्हणाली, ऐकू येतंय? हो म्हणालो. बऱ्यापैकी येत होतं.

तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि तक्रार मागे घेतो म्हणालो. कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, साहेब, आता कसली मागे घेता, नवी जोडी कालच तुमच्या घरी पाठवली. जुनी पण तुम्हीच ठेवा. फक्त परत फोन करू नका.

ही उजव्या बाजूला येऊन बसली होती. विचारलं, काय म्हणाला? सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. मी अंगात घातलेल्या मेहुण्याच्या जाकिटाची चेन तिने गळ्यापर्यंत ओढून दिली.

घरी आता स्पीकर चार. कान एक.