गोळी देण्याची घरची रीत

ता. ४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, असं लिहायला हात धजत नाही. परवा बालवाडीत जंताच्या गोळ्या दिल्या. तीन वर्षांच्या एका पोरीने दात घट्ट मिटले. मागे रांग, माझी घाई. शेवटी तू आम्हा भावंडांना द्यायचीस तसंच केलं. मांडीवर उताणी घेतली, नाक दाबलं, तोंड उघडताच अख्खी गोळी आत. ती घशात अडकली. पोरीचा आवाजच बंद झाला गं, ओठ निळे पडले. मदतनीस बाईंनी तिला पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा गोळी फरशीवर पडली.

पाच मिनिटांत ती खेळायला लागली. निभावलं ना, मग कशाला बभ्रा, असं बाई म्हणाल्या. तिच्या आईला कुणीच सांगितलं नाही. पण हीच युक्ती मी शेजारच्या बालवाडीतल्या ताईला ऐटीत शिकवून ठेवली आहे, आणि त्यांच्याकडे गोळ्या अकरा तारखेला आहेत. आमच्याकडच्या राहिलेल्यांनाही तेव्हाच. बोलले तर नोकरी जाईल. काय करू?

रागाव हवं तर, लोभ मात्र आटवू नकोस.

तुझी भाची

ता. ७

चि. घाबरटास, अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. चष्म्याला दोष देऊन पाहिला, अक्षरं तीच राहिली. चार वर्षांची असताना तूही माझ्या मांडीवर अशीच निळी पडली होतीस. हट्टाने श्वास कोंडला, असं मी वहिनीला, तुझ्या आईला, सांगितलं. तिने विश्वास ठेवला आणि मी रीत चालू ठेवली, तुझ्या धाकट्या भावावरसुद्धा.

नोकरीचं मला कळत नाही. पण अकराच्या आधी त्या ताईला गाठ, पोरीच्या आईलाही. मी आजच वहिनीला लिहिते आहे.

लोभ ठेवायचा की नाही, हे आता तूच ठरव.

आत्या

ता. १२

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

ताईला वेळेत सांगितलं. वरच्या बाईंना लेखी दिलं. चौकशी लागली आहे. पोरीची आई शिवणकाम करते. मी सांगत असताना मशीन थांबलं. पोरगी आता येणार नाही, एवढंच ती म्हणाली.

काल रांग संपता संपता ती पोरीला घेऊन आली. पोट दुखून रडते, जंत पाडायलाच हवेत, म्हणाली. मदतनीस बाई पुढे झाल्या, तर नको म्हणाली. तुम्हीच द्या, मी बघते. पोरीला बसवलं, गोळी चुरून पाण्यात कालवली. आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. पोरीचं तोंड बंद. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने पोरीने स्वतःच चमचा ओढून घेतला. मनगट मात्र आईने ती शेवटचा घोट गिळेपर्यंत सोडलं नाही.

लोभ आहे, आत्या. माझ्या आईचा तुझ्यावरचा राग ओसरायला मात्र वेळ लागेल.

तुझी भाची